घरच्या फायबर जोडणीवर स्वतःचा राउटर कसा लावावा

फायबर जोडणी देताना कंपनी भिंतीवर जो एक डबा बसवून जाते, त्याच्या पोटात बहुतेक वेळा तीन निरनिराळी यंत्रे असतात. तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे पहिले यंत्र म्हणजे ओएनटी. काही ठिकाणी त्याला ओएनयू म्हणतात. घरातल्या सर्व उपकरणांना आतले पत्ते वाटून बाहेरच्या एकाच पत्त्यामागे त्यांची रहदारी सांभाळणारे दुसरे यंत्र म्हणजे राउटर, आणि ती रहदारी हवेतून खोल्याखोल्यांत पोहोचवणारे तिसरे यंत्र म्हणजे वाय-फाय. स्वतःचा राउटर लावायचा म्हणजे दुसरे आणि तिसरे काम आपल्या हाती घ्यायचे आणि पहिले काम कंपनीच्या डब्याकडेच राहू द्यायचे. ही विभागणी एकदा पक्की लक्षात आली की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो. ती लक्षात न घेता राउटर विकत आणला, तर फायबरची तार थेट त्यालाच कशी जोडायची, या प्रश्नाशीच गाडी अडते.

पहिले काम कंपनीकडे का ठेवायचे, याचे कारण फायबरच्या रचनेत आहे. घरापर्यंत येणारी तार एकट्या आपल्यासाठी नसते. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एकच धागा वाटेत स्प्लिटरने विभागला जातो आणि ३२ किंवा ६४ घरे त्यावर चालतात. जीपॉन या प्रचलित पद्धतीत घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर लांबीच्या लहरींवर येतो आणि घराकडून जाणारा १३१० नॅनोमीटरवर जातो. जाणारा मार्ग सर्व घरांचा सामाईक असल्यामुळे कोणी कधी प्रकाश सोडायचा, याची वेळ केंद्रातले यंत्र ठरवून देते. म्हणूनच प्रत्येक ओएनटीचा अनुक्रमांक, आणि कित्येकदा त्यासोबत एक नोंदणी-पासवर्डही, केंद्रात आधीच नोंदवलेला असतो. अनोळखी ओएनटीला केंद्र दाद देत नाही, आणि बिघडलेले उपकरण भलत्याच वेळी प्रकाश सोडू लागले, तर शेजारच्या घरांचीही जोडणी कोलमडू शकते. स्वतःचे ओएनटी वापरणे अशक्य नाही, पण ते कंपनीच्या संमतीने आणि नोंदणी बदलून घेऊनच करावे.

आधी गरज तपासावी

आपली तक्रार केवळ आतल्या खोलीत वाय-फाय पोहोचत नाही एवढीच असेल, तर राउटरचे काम कंपनीच्या डब्याकडून काढून घेण्याचे कारण नाही. नवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून चालवावा. बहुतेक राउटरांत ही सोय एका निवडीवर मिळते. अशा वेळी नवा राउटर फक्त वाय-फाय देतो, पत्ते वाटण्याचे काम जुनाच डबा करतो, आणि कंपनीकडून कोणतीही माहिती मागावी लागत नाही. कंपनीच्या डब्यापासून मधल्या खोलीपर्यंत लॅनची केबल ओढून तिथे राउटर ठेवला, की बहुतेक घरांचे काम होते.

याउलट पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क, मुलांच्या उपकरणांवर वेळेचे बंधन, स्वतःच्या पसंतीचा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा), घराबाहेरून घरातल्या यंत्रांपर्यंत व्हीपीएनने पोहोचण्याची सोय, किंवा नियमित सुरक्षा-अद्यतने हवी असतील, तर राउटरचे कामच आपल्याकडे घ्यावे लागते. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण यांपैकी शेवटचे आहे. कंपनीच्या डब्यातले फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारी आज्ञावली, कधी बदलायचे हे कंपनी ठरवते आणि त्यातली निम्मी दालने ग्राहकाला उघडताच येत नाहीत. घराच्या दाराशी उभे असलेले यंत्र आपल्याला पूर्णपणे पाहता आणि बदलता यावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.

राउटर निवडताना खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नये. ‘एसी १२००’ यातला १२०० हा आकडा २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावरचे ८६७ मेगाबिट मिळवून आणि वरच्या शंभरापर्यंत नेऊन काढलेला असतो. एकाच फोनला एवढा वेग कधीच मिळत नाही. शिवाय या वर्गातल्या कित्येक स्वस्त राउटरांचे केबलचे पोर्ट अवघ्या १०० मेगाबिटचे असतात, त्यामुळे २०० किंवा ३०० मेगाबिटची जोडणी त्यांच्या मागच्या छिद्रातच अडते. म्हणून वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरची जोडणी ज्यात येते त्या छिद्राचा, वेग सर्वांत आधी पाहावा. गिगाबिट पोर्टवर प्रत्यक्षात सुमारे ९४० मेगाबिट मिळतात. जोडणी त्याहून वेगवान असेल तर राउटर आणि ओएनटी या दोहोंना २.५ गिगाबिटचा पोर्ट हवा. पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन जोडणी सुरू करण्याच्या पद्धतीत, प्रत्येक पाकिटावर (रहदारी ज्या छोट्या तुकड्यांत जाते त्यावर) जास्तीचे काम करावे लागते, त्यामुळे कमकुवत प्रोसेसरचा राउटर गिगाबिट पोर्ट असूनही निम्म्या वेगावर दमतो. हार्डवेअर प्रवेगाची (हे काम प्रोसेसरऐवजी वेगळ्या सर्किटकडे सोपवण्याची) सोय असलेला राउटर घेतल्यास हा त्रास टळतो. मात्र प्रत्येक उपकरणाचा वेग वाटून देणारी व्यवस्था चालू केली की हा प्रवेग बहुधा बंद पडतो, हे ध्यानात ठेवावे.

कंपनीला काय विचारावे

राउटर हाती येण्याआधीच ग्राहक सेवेकडून काही गोष्टी लेखी स्वरूपात मिळवाव्यात. जोडणी पीपीपीओई पद्धतीची आहे, की डीएचसीपीने आपोआप पत्ता मिळतो, की स्थिर पत्ता दिलेला आहे, हा पहिला प्रश्न. पीपीपीओई असल्यास वापरकर्तानाव आणि पासवर्ड लागतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर लॉगिन करण्याच्या पासवर्डहून वेगळा असू शकतो, म्हणून ‘पीपीपीओईचा पासवर्ड’ असेच स्पष्ट विचारावे. इंटरनेटची रहदारी कोणत्या व्हीलॅन क्रमांकावर (एकाच तारेवरची निरनिराळी रहदारी वेगळी ठेवणाऱ्या खुणेवर) चालते, हे त्यानंतर. हा क्रमांक १ ते ४०९४ यांपैकी काहीही असतो आणि अंदाजाने सापडत नाही. जोडणी एखाद्या ठरावीक मॅक पत्त्याला (उपकरणाच्या कारखान्यातून आलेल्या ओळख-क्रमांकाला) बांधलेली आहे का, आणि डबा ब्रिज मोडवर (राउटरचे काम बंद करून) टाकण्याचे काम कंपनी दुरून करून देते की ग्राहकाने करायचे, हेही विचारून घ्यावे. घरात त्याच जोडणीवर दूरध्वनी किंवा टीव्ही चालत असेल, तर ब्रिज मोडनंतर ते चालू राहतील का, हा प्रश्न विसरू नये, कारण त्याचे उत्तर नकारार्थी आले तर पुढची सगळी आखणीच बदलते.

ब्रिज मोड

ब्रिज मोडमध्ये कंपनीचा डबा फक्त प्रकाशाचे रूपांतर करतो आणि आलेली रहदारी जशीच्या तशी एका लॅन पोर्टमधून आपल्या राउटरला देतो. बाहेरचा पत्ता थेट आपल्या राउटरला मिळतो. स्वतःचा राउटर लावण्याचा हाच सर्वांत स्वच्छ मार्ग आहे, आणि तो उपलब्ध असेल तर दुसऱ्या कोणत्याही मार्गाकडे वळू नये.

हा बदल स्वतः करायचा असल्यास लॅपटॉप केबलने डब्याला जोडावा आणि ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता उघडावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर छापलेला असतो. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे आणि सेटिंग्जची प्रत उतरवून घेण्याची सोय असेल तर तीही घ्यावी. वॅनच्या पानावर एक किंवा अधिक जोडण्यांची यादी दिसते. अनेक ओएनटींमध्ये या नोंदींची नावे काहीशी ‘२_इंटरनेट_आर_व्हीआयडी_१००’ अशा घडणीची असतात. यातला ‘आर’ म्हणजे ही जोडणी राउटर म्हणून चालते, त्या जागी ‘बी’ असेल तर ब्रिज म्हणून, आणि शेवटचा आकडा म्हणजे व्हीलॅन क्रमांक. कंपनीने क्रमांक सांगण्यास टाळाटाळ केली असेल, तर तो या नावातच वाचता येतो. याच यादीत ‘टीआर०६९’ असे नाव असलेली नोंद दिसल्यास तिला हात लावू नये. त्या वाटेने कंपनी डब्याची दुरून देखभाल करते, आणि ती पुसली तर पुढे एखादा बिघाड झाल्यावर कंपनीला डबा दिसेनासा होतो.

इंटरनेटच्या नोंदीत प्रकार ‘राउट’ऐवजी ‘ब्रिज’ करावा, ती कोणत्या लॅन पोर्टला बांधली आहे ते नीट पाहावे, आणि डब्यावरचे वाय-फाय बंद करावे. पोर्टची ही बांधणी दुर्लक्षित राहते: नोंद पहिल्या पोर्टला बांधलेली आणि केबल दुसऱ्यात खोचलेली, अशा स्थितीत सगळे बरोबर असूनही राउटरला काहीच मिळत नाही. पान उघडत नसेल किंवा प्रकार बदलण्याची सोय दिसत नसेल, तर त्या खात्याला तेवढे अधिकार नाहीत असे समजावे आणि कंपनीकडून काम करून घ्यावे. चिमुकल्या छिद्रात टाचणी घालून डबा मूळ स्थितीत नेण्याचा मोह या टप्प्यावर होतो. तो आवरावा. काही डब्यांत त्यामुळे नोंदणी-पासवर्डही पुसला जातो, आणि मग केंद्राशी जोडणीच होत नसल्याने तंत्रज्ञ येईपर्यंत घर इंटरनेटविना राहते. फायबरची तारही उगाच उपसू नये. तिच्या टोकाचा हिरवा कनेक्टर आठ अंशांत तिरका घासलेला असतो. त्याच्या तोंडाला बोट लागले किंवा धूळ बसली, तरी प्रकाशाची शक्ती घटते. तार सुटलेली असताना तिच्या टोकात डोळा लावून पाहणेही टाळावे. तो प्रकाश दिसत नाही, पण असतो.

डब्याचा बांधलेला पोर्ट राउटरच्या वॅन पोर्टला चांगल्या केबलने जोडावा. १ गिगाबिटसाठी कॅट ५ई पुरेशी आहे. आता राउटरच्या सेटिंग्जमध्ये पीपीपीओई निवडून नाव आणि पासवर्ड भरावा. व्हीलॅन क्रमांक राउटरमध्ये भरायचा की नाही, हे डब्यावर अवलंबून असते. ब्रिजच्या नोंदीत क्रमांक दिलेला असेल तर डबा तो स्वतःच लावतो आणि काढतो, व राउटरला त्याची गरज उरत नाही. कंपनीने डबा पूर्णपणे पारदर्शक ठेवला असेल तर क्रमांक राउटरमध्ये भरावा लागतो. दोन्हीकडे भरला किंवा दोन्हीकडे सोडला, तर जोडणी होत नाही.

जोडणी न झाल्यास राउटरची नोंदवही (लॉग) उघडून पाहावी, कारण दोष नेमका तिथेच लिहिलेला असतो. सर्व्हरकडून प्रतिसाद नाही अशा आशयाचा संदेश असेल, तर राउटरची हाक केंद्रापर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा केबल, पोर्टची बांधणी आणि व्हीलॅन तपासावे. ओळख पटली नाही असा संदेश असेल, तर वाट मोकळी आहे आणि दोष नाव-पासवर्डात आहे. पासवर्ड बरोबर असूनही हाच संदेश येत राहिला, तर कंपनीच्या सर्व्हरवर जुन्या डब्याचे सत्र अजून जिवंत असण्याची शक्यता असते. एका खात्यावर एकच सत्र चालत असेल, तर राउटर आणि डबा दोन्ही बंद करून थोडा वेळ थांबावे, मग आधी डबा आणि त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर चालू करावा. डीएचसीपीच्या जोडणीतही हाच क्रम उपयोगी पडतो, कारण केंद्र जुन्या मॅक पत्त्याची आठवण काही काळ धरून ठेवते. तेवढ्याने भागले नाही तर जुन्या डब्याचा मॅक पत्ता राउटरच्या ‘मॅक क्लोन’ या रकान्यात भरावा.

जोडणी झाली, पण काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट लटकतात, असे दिसल्यास एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल लांबी, पाहावा. इथरनेटच्या पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून वॅनचा एमटीयू १४९२ असायला हवा. पडताळणीसाठी पाकिटाचे तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटचा पिंग (प्रतिसाद मागणारा चाचणी-संदेश) पाठवावा. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की बरोबर १४९२ होतात. हा पिंग परतला आणि त्याहून एका बाइटने मोठा परतला नाही, तर मांडणी योग्य आहे.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत, मिळत असेल तर तेही चालू करावे. त्यासाठी राउटरने कंपनीकडून पत्त्यांचा एक संपूर्ण गट मागून घ्यावा लागतो. सेटिंग्जमध्ये या सोयीला ‘प्रीफिक्स डेलिगेशन’ म्हणतात. आयपीव्ही६मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगाला दिसणारा पत्ता मिळतो, म्हणून राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी व्यवस्था) चालू असल्याची खात्री आधी करावी.

ब्रिज मोड मिळत नसेल तर

काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत, आणि काही घरांत दूरध्वनी त्याच डब्यावर चालत असल्याने तो घेणे परवडत नाही. दूरध्वनीचे नाव-पासवर्ड डब्याच्या आत दडलेले असतात आणि कंपन्या ते सहसा उघड करत नाहीत. जिथे दूरध्वनीसाठी वेगळी नोंद आणि वेगळा व्हीलॅन असतो, तिथे फक्त इंटरनेटची नोंद ब्रिज करून दूरध्वनी जसाच्या तसा ठेवता येतो. आधी कंपनीकडे याचीच विचारणा करावी. टीव्हीसाठीही बहुधा वेगळा व्हीलॅन असतो. त्याचा सेट-टॉप बॉक्स कंपनीच्या डब्यालाच जोडलेला ठेवणे हा कमी कटकटीचा उपाय आहे, अन्यथा राउटरमध्ये आयपीटीव्ही (इंटरनेट-पद्धतीने येणारा टीव्ही) आणि आयजीएमपी (प्रक्षेपण ते मागणाऱ्या उपकरणांनाच पोहोचवणारी पद्धत) यांची वेगळी मांडणी करावी लागते.

हेही जमत नसेल, तर आपला राउटर डब्याच्या मागे दुसरा राउटर म्हणून लावावा. त्याच्या वॅनवर डीएचसीपी निवडले की झाले, पण एक अडचण हमखास येते. डब्याचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचाही कारखान्यातून आलेला पत्ता तोच असेल, तर एकच पत्तापट्टा राउटरच्या दोन्ही बाजूंना येतो आणि रहदारी कुठे पाठवायची हे त्याला कळत नाही. आपल्या राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी वेगळा करावा, म्हणजे गुंता सुटतो. या मांडणीत पत्त्यांचे भाषांतर दोनदा होते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. मात्र बाहेरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत किंवा संगणकापर्यंत पोहोचायचे असेल, आणि काही खेळांत, अडथळा येतो. डब्याच्या सेटिंग्जमध्ये आपल्या राउटरला कायमचा एकच आतला पत्ता द्यावा आणि तो पत्ता डीएमझेडच्या रकान्यात भरावा, म्हणजे बाहेरून येणारी रहदारी सरळ राउटरकडे येते.

तरीही बाहेरून पोहोचता येत नसेल, तर दोष आपल्या मांडणीत नसण्याची शक्यता मोठी आहे. बाहेर दिसणारा आपला पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडावे, आणि तिथे दिसणारा पत्ता राउटरच्या (दुहेरी मांडणीत डब्याच्या) वॅन पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही वेगळे असतील, आणि वॅन पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला असेल, तर कंपनी स्वतःच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते आहे. २०१२ साली हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा वेळी राउटरमध्ये बाहेरच्या रहदारीसाठी वाटा (पोर्ट) उघडण्यात वेळ दवडू नये. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता मागावा किंवा आयपीव्ही६चा मार्ग धरावा.

वाय-फाय आणि सुरक्षा

नव्या राउटरच्या वाय-फायला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर घरातली बहुतेक उपकरणे काहीही न करता जोडली जातात. जुना पासवर्ड कमकुवत किंवा गावभर झालेला असेल तर मात्र ही सोय सोडून नवाच ठेवावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ निवडावे, आणि जुनी उपकरणे अडत असतील तर डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ यांची मिश्र निवड करावी. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ याच वाहिन्या घ्याव्यात, कारण त्या एकमेकींवर चढत नाहीत. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वाय-फायला जोडण्याची सोय) बंद करावे, बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय बंद असल्याचे पाहावे, राउटरचा प्रशासक-पासवर्ड बदलावा, आणि फर्मवेअरचे अद्यतन पहिल्याच दिवशी करावे.

वेगाची तपासणी

वेग मोजताना सुरुवात नेहमी केबलने करावी. वाय-फायवर मोजलेला वेग भिंतींचा, अंतराचा आणि फोनचा दोष राउटरच्या माथी मारतो. जोडणी ३०० मेगाबिटची असून केबलवरही आकडा ९५च्या आसपास खिळून राहत असेल, तर राउटरच्या पानावर वॅन पोर्टचा वेग पाहावा. दोन्ही पोर्ट गिगाबिटचे असूनही तिथे १०० दिसत असेल, तर केबलमधली एखादी तार तुटलेली आहे किंवा टोक नीट बसवलेले नाही: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, म्हणून अर्धवट केबलही चालू असल्यासारखी भासते. केबल बदलली की आकडा लगेच सुधारतो.

पुढे कधी इंटरनेट बंद पडले, तर राउटरला हात लावण्याआधी डब्यावरचे दिवे पाहावेत. ‘पॉन’चा दिवा स्थिर आणि ‘लॉस’चा विझलेला असेल, तर प्रकाश पोहोचतो आहे. ‘लॉस’ लाल झाला असेल, तर बिघाड तारेत आहे आणि आपल्या राउटरशी त्याचा काहीही संबंध नाही. डब्याच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची शक्ती डीबीएममध्ये दिसते. जीपॉनमध्ये ती साधारणपणे उणे ८ ते उणे २७ यांच्या दरम्यान असावी लागते, आणि उणे २७च्या काठावर गेली की जोडणी तुटक होऊ लागते. ब्रिज मोडनंतर हे पान राउटरमार्गे उघडत नाही. त्यासाठी लॅपटॉप डब्याच्या रिकाम्या पोर्टला जोडून त्याला १९२.१६८.१.५० असा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क हाताने द्यावा लागतो. जोडणी नीट चालू असतानाच हा आकडा एकदा टिपून ठेवावा. तक्रार नोंदवताना तेव्हाचा आणि आताचा असे दोन्ही आकडे सांगितले, आणि लॅपटॉपवरूनच पीपीपीओई जोडूनही इंटरनेट मिळत नसल्याचे कळवले, की ‘तुमचा राउटर बदलून पाहा’ या सल्ल्याला जागा राहत नाही आणि तंत्रज्ञ थेट तार तपासायला येतो.